विजया तेल: बाटलीला साडेतीन तारे, विकणाऱ्यांना दीड

तारे शीर्षकातच देऊन टाकलेत, कारण निकालासाठी शेवटच्या ओळीपर्यंत ताटकळत ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. घाई असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. पण घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल, त्याच्या रोजच्या चार-पाच गोळ्या चालू असतील आणि दुखण्यावरच्या विजया तेलाची, म्हणजे भांगेच्या अर्काची, बाटली मागवायचं मनात घोळत असेल, तर पुढचं वाचा.

मी डी. फार्म. सांगलीत विश्रामबागेत आमचं मेडिकल होतं, माझी उमेदीची वर्षं त्या काउंटरमागे गेली. दुकान दिलं, पण लेबल उलटंपालटं करून वाचायची खोड काही गेली नाही. ह्यांचं वय ७४, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त. बीपीची ॲम्लोडिपिन, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि ॲस्पिरिन असा रोजचा नेम. मागच्या पावसाळ्यात ह्यांना नागीण झाली. उजव्या बरगडीखाली, पाठीपासून बेंबीकडे येणारा पट्टा. नातेवाईकांनी गेरू लावायला सांगितला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हेही एका आत्याबाईंनी फोनवर ऐकवलं. (जुळत नाही हो. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या एखाद्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी त्याच एका तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला येतं.)

पुरळ सुकलं, आग राहिली. नुसता सदऱ्याचा स्पर्श झाला तरी माणूस कळवळायचा. मिरजेच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलं. डोस वाढवला की हे दिवसभर पेंगायचे आणि पाय सुजायचे. अशा दुखण्यावरची दुसरी नेहमीची गोळी ॲमिट्रिप्टिलिन, पण तिने लघवी अडते, तेव्हा प्रोस्टेटवाल्याला ती नको. लिडोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणारा, पॅच घामाने सुटून यायचा, आणि त्याची किंमत बघता तो अंथरुणावर चिकटलेला सापडला की जीव हळहळायचा. अशा वेळी भावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून विजया तेलाची लिंक आली.

विजया म्हणजे भांग. ह्यांचा पहिला प्रश्न, "अगं, या वयात मला आत घालतेस का?" तर कायद्याचं असं आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात चरस आणि गांजा येतो. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसलेली नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. भांगेचं नियंत्रण राज्यांकडे, आणि आपल्याकडे ती १९४९ च्या दारूबंदी कायद्यात येते, त्यामुळे कोपऱ्यावरून आणून घोटायचं काम नाही. पण पानांच्या अर्काचं परवानाधारक कारखान्यात केलेलं आयुर्वेदिक औषध ही वेगळी गोष्ट. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचं नाव आहे. म्हणून तोंडाने घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे. ज्या बाटलीवर ही ओळ नाही ती घेऊ नका. चिठ्ठी, बिल आणि बाटलीचं खोकं मी एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. उद्या कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

आता दुकान. दुकान म्हणजे वेबसाइट. फॉर्ममध्ये नाव, वय, आधार, कुठे दुखतं, किती दुखतं. वयाच्या चौकटीत ७४ लिहिल्यावर एखादा तरी जास्तीचा प्रश्न येईल असं वाटलं होतं. आला नाही. 'इतर आजार' म्हणून टिक करायला चौकोन होते, पण सध्या चालू असलेली औषधं लिहायला जागाच नव्हती. मग वैद्यांचा व्हिडिओ कॉल आला. बोलणं अदबीचं. भूक कशी, पोट साफ होतं का, झोप किती, तोंडाला कोरड पडते का, हे सगळं त्यांनी विचारलं आणि ते चांगलं विचारलं. आमच्या एमडी डॉक्टरांनी ह्यांच्या पोटाची एवढी चौकशी कधी केली नव्हती. पण गोळ्यांचा प्रश्न काही येईना. शेवटी मीच कॅमेऱ्यासमोर स्ट्रिपा धरून एकेक नाव वाचून दाखवलं. उत्तर आलं, "काळजी करू नका ताई, आयुर्वेदिक आहे, काही होत नाही."

विकणाऱ्यांचे तारे तिथे कापले गेले. काही होत नसतं तर ई-१ मध्ये घातलं कशाला असतं?

चिठ्ठी मेलवर लगेच आली, वैद्यांच्या नोंदणी क्रमांकासकट. पार्सल साध्या खोक्यात, बाहेर कसलंही पान छापलेलं नाही, कुरिअरवाल्याने ओटीपी मागितला. सील घट्ट. आतला कागद इंग्रजी-हिंदीत, आणि अक्षर इतकं बारीक की ज्या वयाच्या लोकांसाठी औषध आहे त्यांनी ते भिंगाशिवाय वाचूच नये असा बेत असावा. मराठीत एक ओळ नाही.

बाटली ३० मिलीची, अडीच हजारांच्या आतबाहेर. लेबलवर ठळक '१५०० मिग्रॅ'. हा आकडा अर्काचा आहे, आणि अर्काचा आकडा मला काय कामाचा? नशा आणणारं, बीपी पाडणारं, वेदनाही कमी करणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. नशा न आणणारं दुसरं, सीबीडी. दोन्ही किती आहेत ते खोक्यावर नव्हतं. कस्टमर केअरला बॅच नंबर कळवून तपासणीचा रिपोर्ट मागितला. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, बॅच नंबर जुळला, शिसं-पारा आणि कीटकनाशकांची तपासणीही त्यात होती. याबद्दल त्यांचं कौतुक. टीएचसी निघालं मिलीला २० मिग्रॅ, सीबीडी फक्त ६.

मग मी आमच्या पद्धतीने थेंब मोजले. त्यांच्याच ड्रॉपरने सिरिंजमध्ये टाकून पाहिले, एका मिलीला साधारण ३० थेंब भरले. म्हणजे एका थेंबात टीएचसी सुमारे ०.६७ मिग्रॅ. चिठ्ठीवर होतं 'पाच थेंब, दोन वेळा', म्हणजे एका वेळेला तीन मिग्रॅच्या वर आणि तेही पहिल्याच दिवसापासून, सकाळीसुद्धा. अमेरिकेत हेच द्रव्य ड्रोनाबिनॉल नावाच्या कॅप्सूलमध्ये १९८५ पासून मिळतं, केमोच्या उलट्यांसाठी. भूक वाढवायलाही देतात, आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला सुरुवात २.५ मिग्रॅ, दिवसातून एकदा, रात्रीच्या जेवणाआधी किंवा झोपताना, असं त्यांच्या माहितीपत्रकात सुचवलंय. आमच्या मिरजेच्या डॉक्टरांना रिपोर्ट आणि चिठ्ठी दोन्ही दाखवलं. ते खूश नव्हते, पण नाहीही म्हणाले नाहीत. "करणारच असाल तर रात्री दोन थेंब, आणि बीपी उभं राहूनही मोजा." आम्ही तसंच केलं.

चव कडू, वास ओल्या गवताच्या भाऱ्यासारखा. जिभेखाली धरायचं म्हणतात, पण अर्धं गिळलंच जातं. गिळलेलं चढायला तास-दीड तास, कधी दोन तास लागतात, आणि उतरायला सहा-आठ तास. गोळीसारखं अर्ध्या तासात 'लागू' पडत नाही, आणि घोळ होतो तो इथेच. काही वाटत नाही म्हणून माणूस आणखी थेंब घेतो, मग दोन्ही एकदम चढतात. कॅनडातला एक किस्सा हृदयरोगाच्या वैद्यकीय मासिकात २०१९ मध्ये छापून आला होता. हृदयाचा जुना आजार असलेल्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांनी झोप आणि दुखण्यासाठी ९० मिग्रॅ टीएचसी असलेली एक गोळीवाली काडी, आपलं लॉलीपॉप हो, बरीचशी चोखून संपवली. भ्रम, भीती, आणि पाठोपाठ हार्ट अटॅक. माणूस वाचला. आमच्या दोन थेंबांत १.३ मिग्रॅ होतं, यावरून अंदाज करा.

आणखी एक गोष्ट कागदावर नव्हती. ही द्रव्यं तेला-तुपात विरघळणारी, त्यामुळे स्निग्ध जेवणावर घेतली की जास्त शोषली जातात. सीबीडीच्या बाबतीत तर हा फरक चार-पाच पटींचा. म्हणजे एक दिवस मुगाच्या खिचडीवर आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी-तुपावर तेवढेच थेंब घेतले तर ते तेवढेच राहत नाहीत. सणाच्या दिवशी आम्ही थेंब घेतच नाही.

फरक पडला का? पडला, पण जाहिरातीएवढा नाही. चार थेंबांवर आल्यानंतर, म्हणजे अडीच मिग्रॅच्या जवळ, ह्यांची झोप सलग लागायला लागली. आग दहापैकी सातवर असायची ती पाचवर आली, असं हे म्हणतात. सदरा अंगात घालता येतो आता, आधी दिवसभर उघड्याने बसायचे आणि पाहुणे आले की पंचा ओढायचे. दिवसाच्या दुखण्यात मला फारसा फरक दिसत नाही. रात्री दहाला ह्यांना अचानक शिरा खावासा वाटतो, हा फायदा की तोटा ते ठरायचंय.

तोटे ठरलेलेच आहेत. तोंडाला कोरड. सकाळी नऊ-दहापर्यंत थोडं जडत्व, म्हणून भाजीला स्कूटर नेणं बंद, चालत जायचं. आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे उठताना येणारी चक्कर. आडवे असताना बीपी १३४, उभं केल्यावर ११०. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त पडला की सावध व्हायचं, हे कुठलीही नर्स सांगेल. टॅमसुलोसिनही उभं राहताना बीपी पाडते, टीएचसीही पाडतं, त्यात प्रीगॅबालिनची गुंगी, आणि प्रोस्टेटमुळे रात्रीतून तीनदा उठणं. अंधारात बाथरूमच्या ओल्या फरशीवर चक्कर आली तर पुढचं मी सांगायला नको, खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलेली माणसं प्रत्येकाने पाहिलीत. डॉक्टरांनी रात्रीचं प्रीगॅबालिन ७५ वरून ५० केलं, बीपीची गोळी सकाळी आणली. आम्ही पलंगाशी युरीन पॉट ठेवला आणि पॅसेजला रात्रभर दिवा. आता उभं राहिल्यावरही आकडा १२० च्या वर असतो. यातलं काहीही त्या वेबसाइटने सुचवलं नाही.

'पण अभ्यास झालेत ना?' असं भाऊ विचारतो. झालेत. इस्राएलमध्ये ६५ च्या पुढच्या २,७३६ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. सहा महिन्यांनी उत्तर देणाऱ्यांपैकी ९३.७ टक्के म्हणाले बरं वाटतं, वेदनेचा आकडा आठवरून चारवर, चक्कर सुमारे दहा टक्क्यांना. सगळ्या जाहिरातींत हाच अभ्यास असतो. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मात्र जाहिरातीत नसतं. त्याच वर्षी कॉक्रेनने, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या, म्हणजे आमच्याच जातीच्या दुखण्यावरच्या, १६ चाचण्या एकत्र केल्या. दुखणं निम्म्याने कमी झालेले लोक औषध घेणाऱ्यांत २१ टक्के, खोटं औषध घेणाऱ्यांत १७ टक्के. म्हणजे वीस जणांना दिलं तर जास्तीचा एक सुधारतो. त्रास झाला म्हणून सोडणारे मात्र दहा टक्के, खोट्या औषधात पाच. २०२१ मध्ये वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगून टाकलं की दुखण्यासाठी याची सरसकट शिफारस करण्याएवढा पुरावा नाही. ह्यांना गुण आला, म्हणजे हे त्या विसातले एक असतील किंवा त्या १७ टक्क्यांतले. मला दोन्ही चालेल, झोप लागतेय ना.

उलट बाजूही आकड्यांत आहे. कॅलिफोर्नियात ६५ च्या पुढच्या लोकांचं भांग-गांजाशी संबंधित कारणाने इमर्जन्सीत येणं २००५ मध्ये त्यांच्या दर लाख इमर्जन्सी भेटींमागे सुमारे २१ होतं, २०१९ मध्ये ३९५. तिथे सगळं कायदेशीर, छापील डोस, झगमगीत दुकानं, तरीही. म्हाताऱ्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, यकृत मंद, औषध साठून राहतं आणि हळू बाहेर पडतं. तरुण नातवाला जे पचतं ते आजोबांना नाही.

काउंटरवरच्या सवयीने आणखी सांगते. हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेले किंवा रक्ताच्या गुठळीसाठी वॉरफेरिन, ॲसेनोकुमारॉल घेणारे लोक आमच्याकडे दर महिन्याला यायचे. भांगेतली द्रव्यं यकृतातल्या त्याच वाटा अडवतात ज्या वाटेने ही औषधं बाहेर पडतात, आणि वॉरफेरिनसोबत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. स्टेंटवाल्यांच्या क्लोपिडोग्रेलला सीबीडी अडथळा करू शकतं. झोपेची अल्प्राझोलाम घेणाऱ्यांना गुंगीवर गुंगी. छातीत नुकतंच दुखून गेलंय, ठोके अनियमित आहेत, भास होतात, आधीच तोल जातो, अशांनी या वाटेला जाऊ नये. माझ्या दिरांना ॲसेनोकुमारॉल चालू आहे. ह्यांना बरं वाटल्याचं ऐकून त्यांनीही मागवायची तयारी केली होती. मी त्यांना मागवू दिलं नाही, त्यावरून ते अजून रुसलेत.

शेजारच्या वहिनींची गंमत वेगळी. त्यांनी ऑनलाइन निम्म्या किमतीत 'हेम्प ऑइल' मागवलं आणि महिनाभर गुडघ्यांना चोळलं, वर चमचाभर पोटातही. ते भांगेच्या बियांचं तेल. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये बिया, बियांचं तेल आणि पीठ हे अन्न म्हणून मंजूर केलं, टीएचसी नावापुरतं असलं पाहिजे या अटीवर. कुमाऊँत या बियांची चटणी करतात, चांगली लागते म्हणे. खाद्यतेल म्हणून उत्तम, दुखण्यावरचं औषध नव्हे. बाटल्या मात्र सारख्याच, तपकिरी काच आणि हिरवं पान. त्यांनी चिठ्ठी न मागता बाटली दिली की समजायचं बियांची आहे.

ऑर्डर दिल्यापासून त्या कंपनीचे मेसेज थांबत नाहीत. स्मरणशक्तीसाठी, कंपवातासाठी, एकदा तर कॅन्सरसाठी. कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, हे मी त्यांना लिहून कळवलं. उत्तरादाखल दहा टक्के सवलतीचं कूपन आलं.

मुलगी दुबईला असते, डिसेंबरात तिच्याकडे जायचंय. बाटली इथेच राहील. आपल्याकडची चिठ्ठी तिथल्या विमानतळावर चालत नाही, आणि अशा तेलाच्या बाबतीत तो देश किती कडक आहे हे तिथल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. तेवढे दिवस ह्यांचं कसं चालवायचं ते डॉक्टर बघतील.

मागवणारच असाल तर पैसे भरण्याआधी बॅचचा रिपोर्ट मागा, त्यात टीएचसी आणि सीबीडी वेगवेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. वैद्यांना सगळ्या गोळ्या वाचून दाखवा आणि नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा, लाजू नका. आणि मोठी बाटली घेऊ नका. आमच्या चार थेंबांच्या हिशेबाने ३० मिली सात महिन्यांच्या वर पुरतं, आणि उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा असं त्याच खोक्यावर खाली लिहिलंय. १० मिलीची मिळते. वेबसाइटवर पहिल्या पानावर दिसत नाही, फोन करून मागावी लागते.